परसातला वसंत

पंचांगात चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने सांगितले आहेत. पण आमच्या बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा, चैत्र-वैशाख कसे असतात? तो म्हणेल, ‘अहो, तेव्हा विहिरीचा तळ दिसतो आणि दुपारी पाय भाजतात. वसंत कसला घेऊन बसलात!’ त्याचेही खरे आहे. वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाचा हा मुलूख. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस डोलतो खरा, पण सुपे-मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यात प्यायच्या पाण्याचीही वाट पाहावी लागते.

मग आमच्याकडे वसंत येतच नाही का? येतो. फक्त तो पंचांगाच्या आधी, माघातच येतो, आणि येताना आपले रूप पालटून येतो. त्याच्या पहिल्या खुणा घराच्या परसात दिसतात. त्या ओळखायला मी कसा चुकलो, ते आधी सांगतो.

2023 साली राज्य शासनाने ज्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बारामती आणि इंदापूर हे दोन्ही होते. पुढच्या फेब्रुवारीत आमच्या परसातल्या पांगाऱ्याची पाने झडून गेली. कुंपणाला काटेरी खराटा तेवढा उभा राहिला. मला वाटले, दुष्काळाने झाड वाळले. एका रविवारी माणूस बोलावला आणि ते तोडून घेतले. कुऱ्हाडीचा घाव बसला तो ओल्या लाकडावर. फांद्या खाली आल्यावर पाहतो, तर शेंड्याशेंड्याला कळ्यांचे झुपके! आई दारातून म्हणाली, “अरे, झाड वाळलं नव्हतं. ते फुलायला निघालं होतं.”

पुढचे झाड कडुलिंबाचे होते. त्याचीही पाने पिवळी पडून गळत होती. आई म्हणाली, “त्याला हात लावू नकोस. पाडवा होऊ दे, मग बघू.” त्या वर्षी पाडवा 9 एप्रिलला होता. त्याच्या किती तरी आधीच लिंब तांबूस पालवीने भरून गेला. वर्गात मुलांना ऋतूंवरच्या कविता शिकवणाऱ्या मला स्वतःच्या परसातला ऋतू मात्र वाचता आला नव्हता.

तर श्रोतेहो, आपल्याकडच्या वसंताची पहिली खूण म्हणजे पालवी नव्हे, पानगळ. थंड देशांत झाडे पाने टाकतात ती हिवाळा जवळ आला म्हणून. आपल्याकडे ती टाकतात कोरड्या दिवसांत पाणी वाचवावे म्हणून. पानांतून सतत पाण्याची वाफ होत असते. जुनी पाने गळली की ही गळती थांबते, आणि मुळांनी खोलवरून ओढलेले पाणी खोडात व फांद्यांत साठू लागते. दिवस मोठा होत जातो, आणि पावसाचा थेंब पडलेला नसतानाही डोळे फुटतात. कोवळ्या पानांचा तांबडा रंगही उगाच नसतो. पुरेसे हरितद्रव्य तयार होईपर्यंत कडक उन्हापासून पानाला जपण्याचे काम तो करतो.

तेव्हा एखादे झाड बोडके दिसले म्हणून कुऱ्हाड काढू नका. फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवे आणि ओलसर दिसले तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडे दिसले तर ती फांदी वाळली आहे. पण बुंध्याकडे आणखी एकदा खरवडून पाहिल्याशिवाय साऱ्या झाडावर शिक्कामोर्तब करू नका.

दुसरी खूण आंब्याचा मोहोर. डिसेंबर-जानेवारीची थंडी चांगली पडली की आंबा मोहोरतो. आपल्याला आनंद होतो, आणि आनंदाच्या भरात आपण त्याला पाण्याच्या बादल्या घालतो. नेमके तेथेच चुकते. मोहोराच्या वेळी भरपूर पाणी मिळाले तर मोहोर गळण्याची आणि झाड पालवीकडे वळण्याची भीती असते. म्हणून फळे वाटाण्याएवढी झाली की मग पाणी सुरू करावे आणि बेताबेताने वाढवावे. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशकही फवारू नये, कारण तेव्हा त्यावर घोंघावणाऱ्या माश्याच फळधारणेचे काम करीत असतात.

पाणी केव्हा तोडावे आणि केव्हा द्यावे, ही विद्या आमच्याकडच्या डाळिंबवाल्यांना चांगली ठाऊक आहे. झाडाला ताण द्यायचा, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाणी सोडून फुलवायचे. या बहाराला त्यांनी नावच दिले आहे ‘आंबे बहार’, म्हणजे आंबा मोहोरतो त्या वेळचा बहार. शेतातले वेळापत्रक असे झाडाकडे पाहून ठरलेले असते. परसात एखादेच डाळिंब असले तरी हाच धडा लागू पडतो.

तिसरी खूण कानाने ओळखायची. शेवगा पांढऱ्या फुलांनी भरला की शिंजीर, म्हणजे तो इवलासा चमकदार पक्षी, त्याच्याभोवती भिरभिरू लागतो. ऊन तापू लागले की तांबट पक्ष्याचे ‘टुक्‌ टुक्‌ टुक्‌’ सुरू होते, जणू कोणी तांब्याचे भांडे ठोकीत बसले आहे. पुढे कोकिळाचा आवाज चढतो. काही पाहुणे याच सुमारास निरोपही घेतात. थंडीत अंगणात शेपटी हलवीत फिरणारा पांढरा धोबी दिसेनासा होतो. तिकडे भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळा काढलेले पट्टकदंब हंस हिमालयापलीकडच्या वाटेला लागतात.

आता तुम्ही म्हणाल, खुणा ओळखल्या, पुढे काय? पुढे पाण्याचा हिशेब. पानगळ सुरू झाली की समजावे, आता चार महिने जपून खर्च करायचा आहे. कडुलिंब, पांगारा यांसारखी जुनी, खोल मुळांची झाडे आपली सोय पाहतात. जीव धोक्यात असतो तो गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांचा, कढीपत्त्याचा आणि मोगऱ्याचा. घरातले पाणी आधी त्यांना द्यावे, आणि तेही उन्हे उतरल्यावर. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी वाया घालवू नये. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ येते. आळ्यात उसाचे पाचट वीतभर जाडीने पसरावे, खोडाला मात्र ते चिकटू देऊ नये. आमच्याकडे पाचटाला काय तोटा? शेतात त्याला काडी लावण्यापेक्षा दोन भारे घरी आणलेले बरे. खालची ओल टिकते आणि वर्षभरात त्याचे खतही होते.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. जपानात क्योतो येथे चेरी केव्हा फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. 2021 साली तेथील चेरी 26 मार्चलाच पूर्ण फुलली, आणि बाराशे वर्षांत इतक्या लवकर ती फुलली नव्हती, हे त्या नोंदींमुळेच सांगता आले. आपल्याकडेही ‘सीझनवॉच’ या उपक्रमात अनेक शाळांची मुले ठरलेल्या झाडाची दर आठवड्याला नोंद करतात. आपल्या शाळेच्या आवारात एखादा तरी लिंब असेलच. एक वही करावी. पाने केव्हा गळू लागली, पहिली पालवी केव्हा दिसली, फुले केव्हा आली, एवढेच तारखेसह मुलांनी लिहावे. खर्च एका वहीचा. दहा वर्षांनी ती वही गावाला ऋतूंविषयी असे काही सांगेल, की जे दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

पाडव्याला आपण गुढीला कडुलिंबाची डहाळी बांधतो, त्याची कोवळी पाने-फुले खातो. ती डहाळी तोडताना क्षणभर थांबून आठवा, दीड-दोन महिन्यांपूर्वी हेच झाड कसे दिसत होते. आमच्या कुंपणाशी पांगाऱ्याच्या बुंध्याला पुढच्या पावसाळ्यात धुमारे फुटले. त्यांतले दोन आईने राखले आहेत. फुले यायला वेळ लागेल. पण आता माघात त्यांची पाने गळली, तर मी कुऱ्हाड शोधणार नाही, कळी शोधीन.