आधी विचारा, मग मोजा, मग वाचा



सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शाळा मधेच सुटलेली माणसं हा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसतात. रोजची हजेरी नाही, घंटा नाही. पण पेपर तोच आणि बोर्डही तेच. अमेरिकेत अशीच बाहेरून बसण्याची सोय कॉलेजच्या पातळीवर आहे, आणि तीही एकेका विषयापुरती. आज तिच्याविषयी बोलायचं आहे. आपल्यापैकी अनेकांची मुलगी, भाचा, धाकटा भाऊ तिकडे असतो. इथली पदवी आणि संसार घेऊन गेलेल्या या माणसांना चाळिशीच्या आसपास वाटू लागतं, की पुन्हा शिकावं. पण रोज वर्गात जाऊन बसायला वेळ नसतो, आणि फीचा आकडा पाहून धीर होत नाही.

तिकडची पदवी क्रेडिटमध्ये मोजतात. चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला ६०. एका सत्राचा एक विषय म्हणजे बहुधा तीन क्रेडिट. आता, तो विषय तुम्हाला आधीच येत असेल तर? नोकरीत शिकला असाल, घरी वाचून शिकला असाल, तर सत्रभर बसून पुन्हा तेच ऐकायचं का? या प्रश्नाला उत्तर म्हणून कॉलेज बोर्ड या संस्थेने १९६७ साली एक परीक्षायोजना सुरू केली. तिचं नाव कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम. सगळे तिला ‘क्लेप’ म्हणतात. तिच्यात आज मानसशास्त्रापासून कॅल्क्युलसपर्यंत ३४ विषय आहेत. बहुतेक परीक्षा दीड तासाच्या, संगणकावर आणि बहुपर्यायी प्रश्नांच्या असतात. फी शंभर डॉलरच्या आत असते. केंद्राचा आकार वेगळा भरावा लागतो, आणि काही अटी पाळून घरूनही परीक्षा देता येते. स्वस्तातल्या कम्युनिटी कॉलेजातसुद्धा तीन क्रेडिटच्या विषयाला साधारण चारेकशे डॉलर पडतात, खासगी विद्यापीठात तर हजारोंच्या घरात. म्हणजे एक पेपर सुटला, की पैसाही वाचतो आणि एक सत्रही वाचतं. याच धर्तीची ‘डीएसएसटी’ नावाची दुसरी परीक्षा मूळ अमेरिकन सैनिकांसाठी निघाली. आता ती सगळ्यांना देता येते.

ऐकायला हे फार सोपं वाटतं, आणि गफलत इथेच होते. आपली शिकायची सवय अशी, की पुस्तक आणायचं, पहिल्या पानापासून वाचायचं, आणि वाचून झालं की परीक्षेला बसायचं. एकट्याने शिकणाऱ्या प्रौढ माणसाने हा क्रम उलटा करायला हवा. आधी विचारा, मग मोजा, मग वाचा.

आधी विचारा, ते कशासाठी? क्लेपची परीक्षा घेतं कॉलेज बोर्ड. क्रेडिट देतं मात्र तुमचं कॉलेज. अमेरिकेत २,९०० हून अधिक कॉलेजं ही परीक्षा मानतात, पण प्रत्येकाचे नियम निराळे. गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात, आणि ५० गुणांना क्रेडिट द्यावं अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस आहे. इथे एक लक्षात घ्या, हे ५० म्हणजे ५० टक्के नव्हेत. आणि शिफारस ही शिफारसच असते. एखादं कॉलेज त्याहून जास्त गुण मागतं, एखादं परीक्षेतून अमुक इतकीच क्रेडिट घेता येतील अशी मर्यादा घालतं, आणि पदवी आमची हवी तर निदान इतकी क्रेडिट आमच्याकडेच पूर्ण करा, असं तर बहुतेक सगळीच कॉलेजं म्हणतात.

याहून फसवी गोष्ट पुढे आहे. क्रेडिट मिळालं, पण ते पडलं कुठल्या खान्यात? समजा, न्यू जर्सीत एडिसनला राहणारी एक बाई समाजशास्त्राची परीक्षा उत्तम गुणांनी पास झाली. कॉलेजने तीन क्रेडिट दिलीही, पण ऐच्छिक विषयांच्या खान्यात टाकली, आणि तिचा तो खाना आधीच भरलेला. मग ती क्रेडिट कागदावर राहतात, पदवी एका दिवसानेही जवळ येत नाही. म्हणून पुस्तक उघडण्यापूर्वी कॉलेजच्या रजिस्ट्रार ऑफिसला चार ओळींचा ईमेल लिहायचा. अमुक विषय क्लेपने सुटला, तर तुमच्या कोणत्या कोर्सऐवजी तो धराल? किती गुण हवेत? ती क्रेडिट माझ्या पदवीच्या कोणत्या अटीत मोजली जातील? परीक्षेतून एकूण किती क्रेडिट घेता येतात? आणि उत्तर लेखी घ्यायचं. फोनवर कुणीतरी ‘हो, चालेल’ म्हणालं, यावर विसंबू नका.

आपल्या लोकांसाठी इथे आणखी दोन गोष्टी. आपली बी.कॉम. किंवा बी.ए. तीन वर्षांची, तिकडची पदवी चार वर्षांची. त्यामुळे मूल्यमापन करून घेतलं की आपली पदवी पुष्कळदा १२० क्रेडिटपेक्षा कमी भरते. अमेरिकेत सीपीए, म्हणजे तिकडचे सीए, व्हायचं असेल, तर आजवर बहुतेक राज्यांनी १५० क्रेडिटची अट ठेवली होती. मधली दरी भरायला अशा परीक्षांचा उपयोग होऊ शकतो, पण त्यातही राज्याराज्यांत फरक आहे. तेव्हा प्रश्न त्या राज्याच्या अकाउंटन्सी बोर्डालाच विचारायचा. दुसरी गोष्ट व्हिसाची. जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर गेलेल्यांना शिकायला मोकळीक असते. पण स्टुडंट व्हिसावर असाल, तर सत्रात पुरेसे वर्ग घेतलेच पाहिजेत. क्लेपची क्रेडिट त्या हजेरीत धरली जात नाहीत.

विचारून झालं, की मोजायचं. कॉलेज बोर्ड प्रत्येक विषयाचा आराखडा प्रसिद्ध करतं, आणि कोणत्या भागाला किती वजन आहे तेही त्यात टक्क्यांनी देतं. अमेरिकेच्या इतिहासाचा पहिला पेपर घ्या. त्याचा कालखंड १८७७ पर्यंतचा. पुस्तक हातात घेतलं की पहिली शे-दीडशे पानं वसाहतींची: जेम्सटाउन, प्युरिटन, तेरा वसाहती, चहाच्या पेट्या, स्वातंत्र्ययुद्ध. नवखा माणूस इथेच महिना घालवतो. आराखडा सांगतो, की १५०० ते १७८९ या जवळजवळ तीन शतकांवर प्रश्न फक्त ३० टक्के. उरलेले ७० टक्के १७९० ते १८७७ या काळावर. त्यातही राजकीय संस्था आणि धोरणं यांना सर्वांत जास्त, ३५ टक्के वजन. लढायांच्या तारखा पाठ करणाऱ्याची मेहनत वाया जाणार, हे एका पानावरून कळतं. शिवाय ९० मिनिटांत सुमारे १२० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. आठवून आठवून उत्तर काढायला इथे वेळ नाही.

आराखडा पाहिल्यावर लगेच एक सराव परीक्षा द्यायची. काहीही न वाचता, घड्याळ लावून. गुण कमी पडतील, पडू देत. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे त्या दीड तासात दिसतं. आणि दिसतं ते पुष्कळदा अंदाजाच्या उलट असतं. बी.कॉम. झालेल्या, पाच-सात वर्षं हिशेब लिहिलेल्या माणसाला फायनान्शियल अकाउंटिंगचा पेपर हातचा वाटतो. नावे-जमा त्याला तोंडपाठ. पण आपल्या कंपन्यांच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला स्थिर मालमत्ता आधी येते. अमेरिकन ताळेबंद रोख रकमेपासून सुरू होतो. शेवटी आलेला माल आधी गेला असं धरणारी लिफो पद्धत आपण कॉस्टिंगच्या पुस्तकात शिकतो, पण आपल्या लेखामानकांत ताळेबंदासाठी ती चालत नाही. अमेरिकेत ती चालते, आणि भाव चढते असताना तिने नफा कमी दिसतो की जास्त, असला प्रश्न पेपरात येऊ शकतो. (उत्तर: कमी, कारण महाग माल आधी खर्ची पडतो.) अशा चार-सहा फरकांसाठी अख्खं पुस्तक वाचायची गरज नाही. नेमकी ती प्रकरणं वाचली की झालं.

आता वाचायचं. साहित्य फुकट आणि चांगलं मिळतं. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ प्रकल्पाने मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, अमेरिकेचा इतिहास या विषयांची पूर्ण पाठ्यपुस्तकं विनामूल्य उपलब्ध केली आहेत. ‘मॉडर्न स्टेट्स’ ही धर्मादाय संस्था क्लेपच्या विषयांचे मोफत कोर्स चालवते, आणि कोर्स पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचर देते. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात सरावाची पुस्तकं मिळतात. तेव्हा पाच पुस्तकं गोळा करू नका. एक मुख्य पुस्तक, आणि सरावाला एक.

पण वाचणं म्हणजे अभ्यास नव्हे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. इतरांनी तो न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. आपली परीक्षा आठवड्यांनी असते, पाच मिनिटांनी नव्हे. पिवळ्या पेनाने ओळी रंगवल्या की आल्यासारखं वाटतं, एवढंच.

हे करायचं कसं, ते पाहू. गुलामगिरीवरून झालेल्या वादाचं प्रकरण वाचलं. पुस्तक मिटा. स्वयंपाक करता करता, नाहीतर गाडी चालवता चालवता, मोठ्याने बोला, हवं तर मराठीत. १८२०, मिसुरीची तडजोड: मिसुरी गुलामांचं राज्य, मेन मुक्त राज्य, आणि पश्चिमेकडच्या प्रदेशात एक रेघ आखली. १८५०, कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आत आलं, बदल्यात पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कडक कायदा. १८५४, कॅन्सस-नेब्रास्का: ठरवा तुमचं तुम्ही, असं तिथे वस्ती करणाऱ्यांना सांगितलं, आणि १८२० ची रेघ पुसली. १८५७, ड्रेड स्कॉट खटला: अशी रेघ आखायचा अधिकार काँग्रेसला नाहीच, असा निकाल. जिथे अडखळाल तेवढंच पुन्हा उघडून बघा. अर्थ मराठीत पक्का झाला तरी चालेल. नावं आणि संज्ञा मात्र इंग्रजीतच घोटा, कारण पडद्यावर त्याच दिसणार आहेत. सराव परीक्षेत चुकलेला प्रत्येक प्रश्न एका वहीत उतरवा, आणि शेजारी लिहा: माहीत नव्हतं, गोंधळ झाला, की घाईत चुकलं? शेवटच्या आठवड्यात वाचायचं पुस्तक ती वही.

आपल्याकडच्या अपेक्षित प्रश्नसंचांची सवय इथे उपयोगी नाही, तेच ते प्रश्न फिरून येत नाहीत. ‘अॅनलायझिंग अँड इंटरप्रिटिंग लिटरेचर’ या पेपराला तर नेमलेलं पुस्तकच नसतं. समोर कविता किंवा उतारा येतो, तो समजून उत्तर द्यायचं. मराठी कवितेचं बारकाईने वाचन केलेल्याला ही दृष्टी असते, पण जुन्या इंग्रजीची सवय करावीच लागते. रोज एक कविता, दोनतीन महिने. घाई चालत नाही.

पहिली परीक्षा अर्धीअधिक येत असलेल्या विषयाची द्या. तारीख आधी घेऊन टाका. तारीख नसली, की घरचं प्रत्येक काम अभ्यासापेक्षा निकडीचं ठरतं. नोंदणी करताना गुण कोणत्या कॉलेजला पाठवायचे ते तेव्हाच भरा. त्या पहिल्या कॉलेजला वेगळा आकार पडत नाही, नंतर पाठवायला पडतो. आणि नाव नीट तपासा. आपल्या स्त्रियांच्या पासपोर्टवर एक नाव, बँकेत दुसरं, मधे कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही, तर केंद्रावरून परत यावं लागतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. निबंध असलेले पेपर सोडले, तर गुण बहुधा जागच्या जागी दिसतात. नाही सुटला, तर तोच विषय तीन महिन्यांनी पुन्हा देता येतो.

या वाटेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. प्रयोगशाळा, वर्गातली चर्चा, शिफारसपत्र देणारे प्राध्यापक यातलं काही इथे मिळत नाही. मेडिकलला जायचं असेल, तर अनेक ठिकाणी मूळ विज्ञान विषयांची परीक्षेतून मिळवलेली क्रेडिट चालत नाहीत. पुढच्या शिक्षणाचा पाया असलेला विषय वर्गातच शिकावा. वाटेत आलेले सर्वसाधारण विषय परीक्षेने उरकावेत. आपल्याकडेही आता क्रेडिटचा हिशोब सुरू झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या संकेतस्थळावरच्या ऑनलाइन कोर्समधून सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेता येतात. मात्र त्यासाठी कोर्स पुरा करावा लागतो, नुसती परीक्षा देऊन भागत नाही. नियम वेगळे असले, तरी पहिलं पाऊल इथेही तेच: आपलं कॉलेज काय मानतं, ते आधी विचारणं.

तेव्हा तुमच्या घरातलं कुणी तिकडे पुन्हा शिकायचं म्हणत असेल, तर त्यांना पुस्तकांची यादी पाठवू नका. कॉलेजला तो चार ओळींचा ईमेल आजच लिही, एवढं सांगा. उत्तर आलं, की सराव परीक्षा. पुस्तक त्यानंतर.