ऋणाची फेड

उपकार फेडण्याची भाषा व्यवहारांत सर्रास ऐकूं येते. जणुं उपकार म्हणजे सावकाराकडून उचललेली रक्कम, आणि ती व्याजासह परत केली कीं कागद फाडून टाकावयास मनुष्य मोकळा! परंतु बाळपणीं घेतलेल्या उपकारांचा हिशेब अशा रीतीनें क्वचितच मिटतो. ज्या हातांनीं घांस भरविला ते हात, मूल मिळवतें होईपर्यंत, बहुधा थकलेले तरी असतात किंवा काळाच्या पडद्याआड गेलेले तरी असतात. ज्या गुरुजींनीं पाटीवर पहिलें अक्षर गिरवून घेतलें, त्यांचें पूर्ण नांवही पुष्कळांस आठवत नाहीं. धनको उरला नाहीं आणि ऋण मात्र शिल्लक आहे, अशा वेळीं कृतज्ञ माणसानें काय करावें? आणि त्याहूनही अवघड प्रश्न असा कीं, ज्यांनीं उपकार केले तेच पुढें उलटले तर त्या ऋणाचें काय होतें?

या दोन्ही प्रश्नांचें उत्तर महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रांत सांपडतें. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं कोंकणांत शेरवली येथें आजोळीं झाला, आणि बाळपण दापोली तालुक्यांतील मुरूड या समुद्रकांठच्या गांवीं गेलें. घरची स्थिति ओढगस्तीची होती. गांवच्या शाळेंतील सोमण गुरुजी केवळ धडे घोकून घेणारे शिक्षक नव्हते. गांवांत वर्तमानपत्र यावें, तें निरक्षरांच्याही कानीं पडावें, अशी त्यांची खटपट असे, आणि देवळांत जमलेल्या मंडळींस तें वाचून दाखविण्याचें काम ते मुलांवर सोंपवीत. लोकांच्या उपयोगीं पडण्यांत एक प्रकारचा आनंद असतो, हें धोंडूस प्रथम तेथें कळलें. समाजसेवेचें बीज आपल्या मनांत सोमण गुरुजींनीं रुजविलें, ही गोष्ट कर्वे पुढें आवर्जून सांगत.

१८७५ सालीं सहावीच्या परीक्षेसाठीं हा मुलगा सोबत्यांबरोबर सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास गेला. तेथें परीक्षकांनीं त्याच्याकडे पाहिलें, हा सतरा वर्षांचा दिसत नाहीं असें ठरविलें, आणि त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं. एवढी पायपीट फुकट गेली. परंतु शिकण्याची जिद्द खचली नाहीं. पुढें मुंबईस येऊन १८८१ सालीं ते मॅट्रिक झाले, १८८४ सालीं बी. ए. झाले. शिकवण्या करून पोट भरणाऱ्या या तरुणास गांवाचा विसर पडला नाहीं. मुरूडच्या लोकांनीं आपल्या मिळकतीचा कांहीं अंश गांवच्या हितासाठीं बाजूस काढावा, या हेतूनें त्यांनीं ‘मुरूड फंड’ उभारला. येथवरची हकीकत सरळ आहे. गांवानें दिलें, आणि गांवाच्या मुलानें गांवास परत केलें.

खरी कसोटी पुढें आली. ११ मार्च १८९३ रोजीं कर्व्यांनीं पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकत असलेल्या गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला. मुरूडनें त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याची झळ एकट्या त्यांसच नव्हे, तर गांवीं राहणाऱ्या घरच्या माणसांसही लागली. ज्या गांवासाठीं फंड उभारला, त्याच गांवांत त्यांची पंगत वेगळी झाली.

अशा प्रसंगीं सामान्य मनुष्यापुढें दोन वाटा असतात. एक, झालेल्या अन्यायाच्या रागांत पूर्वींचे उपकार पुसून टाकणें. दुसरी, उपकारांच्या ओझ्याखालीं वांकून अन्यायापुढें मान तुकविणें. कर्व्यांनीं दोन्ही वाटा टाळल्या. आपलें कृत्य चुकलें असें त्यांनीं म्हटलें नाहीं, आणि गांवाशीं वैरही धरलें नाहीं. कृतज्ञता म्हणजे मिंधेपणा नव्हे, हें त्यांच्या वर्तनानें सिद्ध झालें. बाळपणीं मिळालेलें चांगलें तें चांगलेंच होतें. तें देणाऱ्यांनीं पुढें दार लावलें म्हणून तें खोटें ठरत नाहीं.

मग त्या ऋणाची फेड कोठें झाली? ती पुढच्या पिढीच्या दारीं झाली. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापिली. १९०० सालीं आश्रम पुण्याजवळ हिंगण्यास रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं दिलेल्या जागेंत, एका झोंपडींत गेला. आणि फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचें अध्यापन सांभाळून कर्वे तेथवर पायीं येजा करीत राहिले. १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्यास पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली, आणि विद्यापीठास आपल्या मातेचें, नाथीबाईंचें नांव दिलें. आईचें ऋण आईस फेडतां येत नाहीं. तें असंख्य परक्या मुलींच्या शिक्षणांत फेडलें गेलें.

याहूनही अर्थपूर्ण गोष्ट १९३६ सालची आहे. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं कर्व्यांनीं ज्या खेड्यांत शाळा नाहीं तेथें शाळा काढण्यासाठीं महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिलें. या खेड्यांशीं त्यांचें ना नातें होतें ना देणेंघेणें. परंतु एका खेड्यांतील एका गुरुजींनीं एका मुलास जें दिलें होतें, तेंच हा वृद्ध पुरुष अनोळखी खेड्यांतील अनोळखी मुलांस पोंचवीत होता. १९५८ सालीं त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला, आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं त्यांनीं देह ठेवला.

उपकार घेणाऱ्याप्रमाणें करणाऱ्यानेंही यांतून कांहीं घ्यावें. पूर्वीं गरीब विद्यार्थी वार लावून जेवीत. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं. ती चाल आतां बहुतेक मागें पडली आहे. परंतु अशा मुलास पुढें थोरपणीं ताटांतील पदार्थ आठवत नसत, आठवे तो वाढणाऱ्या माउलीचा स्वर. “अजून थोडा भात घे हो बाळ,” असें म्हणणारें घर त्याच्या मनांत जन्मभर घर करून राही, आणि “आज तुझा वार ना?” असें कपाळास आंठी घालून विचारणारें घरही तो विसरत नसे. अन्न दोन्ही घरीं सारखेंच मिळे. एका घरीं त्याबरोबर पुढें दुसऱ्यास देण्याची वासना मिळे, दुसऱ्या घरीं केवळ ओझें मिळे.

आजही कामवालीच्या मुलीची फी भरतांना, परगांवाहून आलेल्या भाच्यास ठेवून घेतांना, शेजारच्या मुलास गणित समजावून देतांना हाच भेद उरतो. दिलेलें परत येईल किंवा नाहीं, याची चिंता देणाऱ्यानें करूं नये. तें बहुधा त्याच्या दारीं परत येत नाहीं. त्यानें कधीं न पाहिलेल्या एखाद्या मुलाच्या हातीं तें पडतें. आणि ज्यानें घेतलें आहे, त्यास जुना धनको सांपडला नाहीं, तरी नवा गरजू शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं.