निविदेत नसलेली ओळ



शासनाला, महापालिका-नगरपरिषदांना आणि सार्वजनिक उपक्रमांना संगणकीय प्रणाली पुरवणाऱ्या लहान-मध्यम उद्योजकांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. अध्यक्षाने व्यवसायाचा सगळा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. तो मी आज मोडणार आहे. मला एकाच गोष्टीवर बोलायचे आहे. आपण भरतो त्या निविदेच्या बीओक्यूमध्ये, म्हणजे कामे आणि दरांच्या यादीत, ज्या कामाची ओळ नसते, ते काम होत नाही. आणि शासकीय संगणकीकरण टिकते की कोसळते, हे नेमके अशाच कामांवर ठरते.

आपल्या सातबाऱ्याचे उदाहरण घ्या. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे. त्यांच्या नोंदींची ई-फेरफार ही आज्ञावली शासनाच्याच एनआयसीने तयार केली, खासगी कंत्राटदाराने नाही. म्हणूनच या उदाहरणाकडे आपल्याला तटस्थपणे पाहता येते. आज्ञावली लिहिणे कष्टाचे होते, पण खरा डोंगर पुढे होता. हस्तलिखित उतारा आणि पडद्यावरचा उतारा जुळत नव्हते. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी मिळत नव्हती. कुठे पोटखराब सुटलेला, कुठे इतर हक्कातला सोसायटीचा बोजा गळलेला, कुठे बहिणीचे नाव टायपिंगमध्ये नाहीसे झालेले. मग २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. संगणकातला उतारा गावासमोर मोठ्याने वाचायचा, खातेदाराने 'हे बरोबर, हे चूक' सांगायचे, तलाठ्याने टिपून घ्यायचे आणि रीतसर मान्यता घेऊन री-एडिट सुविधेतून दुरुस्ती करायची. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री जागून नोंदी पूर्ण करणारे तलाठी मी पाहिले आहेत. त्यानंतर २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांच्या हाती आला. आज शेतकरी पंधरा रुपये भरून घरबसल्या जो उतारा घेतो, त्याच्या विश्वासार्हतेचा पाया त्या वाचनात आहे.

आता मला सांगा, हेच काम खासगी निविदेने निघाले असते, तर चावडी वाचन बीओक्यूच्या कोणत्या ओळीत बसले असते? आपण सगळे जाणतो. एकच ओळ असती: 'डेटा मायग्रेशन, एकक लमसम'. आणि आपल्यातल्या बहुतेकांनी त्या ओळीपुढे शक्य तितका लहान आकडा टाकला असता.

एका नगरपरिषदेच्या मालमत्ता कराचे काम आमच्याकडे होते. गावाचे नाव सांगत नाही, कारण असे गाव प्रत्येक जिल्ह्यात आहे. निविदेत लिहिले होते की जुनी माहिती 'आहे त्या स्थितीत' मिळेल. आहे ती स्थिती अशी होती: अर्धी नोंद कागदी मागणी रजिस्टरात, अर्धी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या एक्सेल फाइलींत. त्या फायली नव्या प्रणालीत घेतल्या की जोडाक्षरांचा चुराडा व्हायचा. एकाच घराच्या दोन नोंदी सापडायच्या, एक वडिलांच्या नावे आणि एक मुलाच्या, थकबाकी दोन्हींवर. हा गुंता सोडवू शकणारी व्यक्ती कार्यालयात एकच होती, वसुली कारकून. ते फाइल न बघता सांगायचे, 'हे 'कै.' लागलेले नाव आहे ना, त्याचे बिल गिरणीवाल्या सुनेकडे द्यायचे. हे दुसरे घर पाडून तिथे गाळे झालेत, आकारणी जुनीच चालू आहे.' आमच्या कंपनीतला एक मुलगा त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसला आणि पेठेमागून पेठ, ओटा-ओटा, घर-घर लिहून घेत गेला. काम निम्म्यावर आले आणि त्यांची बदली झाली. उरलेल्या पेठांच्या नोंदी आम्ही जशाच्या तशा चढवल्या, कारण कराराप्रमाणे आमची जबाबदारी तेवढीच होती. पुढच्या बिलवाटपात हरकतींचा ढीग आला तो बरोबर त्याच पेठांतून.

त्या वसुली कारकुनाच्या शेजारी बसण्याचा मोबदला निविदेत नव्हता. तो असायला हवा होता. माहितीची शहानिशा, नव्या कर्मचाऱ्याला दर बदलीनंतर पुन्हा प्रशिक्षण, करार संपताना सोर्स कोड आणि डेटा पुढच्याच्या हाती नीट सोपवणे, सुरक्षा ऑडिटमध्ये निघालेल्या त्रुटी दरवर्षी दुरुस्त करणे. यातले काहीच उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाही. फीत कापली जाते ती लॉगिनच्या पडद्यासमोर.

हे असे का होते, याचा दोष अधिकाऱ्यांवर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहा. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा पुरवठादार, सोडून दुसऱ्याला काम दिले, तर टिप्पणीत कारण लिहावे लागते, आणि त्या कारणावर काही वर्षांनी लेखापरीक्षक बोट ठेवतो. तोवर अधिकारी निवृत्त झालेला असतो आणि पेन्शन अडकते. २०१८ पर्यंत भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात अशी तरतूद होती की लोकहित नसताना एखाद्याला आर्थिक लाभ झाला, तर अधिकाऱ्याचा स्वतःचा हेतू वाईट नसतानाही तो आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊ शकत असे. ती तरतूद २०१८ च्या दुरुस्तीने गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय वित्त मंत्रालयाने सल्लासेवा नसलेल्या कामांसाठीही गुणवत्ता आणि दर यांचे एकत्र मूल्यमापन करायला परवानगी दिली आणि गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन ठेवले. दार उघडले आहे. पण भीतीची सवय कायद्याबरोबर जात नाही, आणि त्या दारातून जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या पाठीशी कागदोपत्री भक्कम कारण उभे करणे हे आपलेही काम आहे. प्री-बिड, म्हणजे निविदापूर्व, बैठकीत लेखी प्रश्न विचारणारा पुरवठादार त्या अधिकाऱ्याला हे कारण देतो. 'मायग्रेशनपूर्वी नोंदींची पडताळणी कोण करणार? तिचे देयक कोणत्या बाबीखाली?' एवढा प्रश्न आवक क्रमांकासह नोंदला गेला की त्याचे उत्तर शुद्धिपत्रकात द्यावेच लागते.

आणि आपण काय करतो? प्री-बिडला आपण जातो, गप्प बसतो, चहा घेतो, स्पर्धक कोण आला आहे ते पाहतो. त्रुटी दिसली तरी बोलत नाही, कारण ती त्रुटीच पुढे आपली कमाई असते. आज कमी दर भरायचा, काम घ्यायचे, आणि उद्या 'हे स्कोपमध्ये नव्हते' म्हणून चेंज रिक्वेस्ट काढायची. ही पद्धत आपल्या व्यवसायात इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणाला अपराधी वाटत नाही. मला वाटते की ही फसवणूक आहे. विभागाची थोडी, आणि दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाची जास्त.

चूक लपवण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे ब्रिटनमध्ये जगाने पाहिले. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून फुजित्सूची होरायझन ही हिशेबाची प्रणाली देशभर बसवली. गावोगावच्या लहान टपाल कार्यालयांच्या चालकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते सांगत राहिले की पैसे आम्ही घेतलेले नाहीत, पडद्यावरचा आकडा चुकतो आहे. न्यायालयांनी पडद्यावर विश्वास ठेवला. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. कोणी तुरुंगात गेले, कोणी घरदार विकून न झालेली तूट भरली. प्रणालीत दोष होते हे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केले आणि सरसकट दोषसिद्धी रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. दोष जवळजवळ सुरुवातीपासून माहीत होते, असे फुजित्सूच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानेच चौकशीत सांगितले. मित्रहो, आपल्याकडे ग्रामसेवकाच्या, तलाठ्याच्या, कनिष्ठ लिपिकाच्या नावावर लॉगिन असते. आपल्या प्रणालीत चुकलेला आकडा त्याच्या सेवापुस्तकात शिक्षा म्हणून उतरू शकतो. दोष कळल्याच्या दिवशी तो लेखी कळवणे हे मला आपल्या व्यवसायाचे पहिले कर्तव्य वाटते, मग देयक अडको किंवा दंड लागो.

देयकाची रचना बदलली तर पुरवठादाराची वागणूक बदलते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाने या शतकाच्या सुरुवातीला दुय्यम निबंधक कार्यालयांत 'सरिता' आणली, तेव्हा खासगी भागीदाराने यंत्रणा उभारायची आणि चालवायची, नागरिकाने दस्ताच्या पानामागे २० रुपये हाताळणी शुल्क द्यायचे आणि त्यातून भागीदाराचा मोबदला निघायचा, अशी व्यवस्था होती. स्कॅनर बंद पडला तर विभागाइतकेच भागीदाराचेही नुकसान. या पद्धतीचे तोटेही होते. शुल्काचा भार लोकांवर पडला आणि विभाग बाहेरच्यांवर अवलंबून राहिला, पुढे केंद्रीय सर्व्हरवरची आय-सरिता आली. पण पैसा कार्यान्वयनाच्या एका दिवसाला न बांधता चालू राहण्याच्या वर्षांना बांधावा, ही त्यातली कल्पना मला आजही योग्य वाटते. आपल्या ज्या निविदांत ८० टक्के रक्कम गो-लाइव्हला आणि उरलेली देखभालीला असते, तिथे देखभाल उरल्यासुरल्या माणसांवरच चालणार.

आता पैशाचेच बोलतो, कारण वर सांगितलेले सगळे प्रामाणिक काम पगार थकवून होत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ४५ दिवसांच्या आत देयक मिळावे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे, असे २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. आपल्यापैकी किती जणांनी ते व्याज कधी मागितले? पुढच्या निविदेची भीती वाटते. एकट्याने मागितले तर तो अडचणीचा पुरवठादार ठरतो. बयाणा रकमेची सूट मिळते, पण बँक गॅरंटीपोटी ठेव अडकून पडते, देयक मार्च एंडला 'ग्रँट नाही' म्हणून पुढच्या वर्षी सरकते, आणि आपण सर्वांत अनुभवी मुलगी सपोर्टमधून काढून नव्या प्रकल्पावर टाकतो. ज्या लिपिकाला तिच्याच नंबरवर फोन करायची सवय असते, त्याला नवा आवाज ऐकू येतो.

म्हणून मी या अधिवेशनापुढे एक ठराव मांडतो आहे. संगणकीकरणाच्या प्रत्येक निविदेत नोंदींची पडताळणी, बदलीनंतरचे प्रशिक्षण आणि करारअखेरचे हस्तांतरण यांना बीओक्यूमध्ये स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र दर असावा, अशी मागणी आपण उद्योग विभागाकडे आणि माहिती तंत्रज्ञान विभागाकडे एकत्रितपणे करावी. जोवर ती मान्य होत नाही, तोवर ज्या निविदेत या ओळी नाहीत त्या प्रत्येक निविदेच्या प्री-बिडमध्ये आपल्या सदस्यांनी एकच मसुदा प्रश्न लेखी द्यावा. व्याजाची मागणी सदस्याच्या नावाने न जाता संघटनेच्या नावाने जावी. आणि अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून खाली दर भरणाऱ्या सदस्याला संघटनेने कारण विचारावे, ते कारण सर्व सदस्यांना कळवावे. हे शेवटचे कलम काहींना बोचेल, याची मला कल्पना आहे. त्यावर वाद व्हावा असेच मला वाटते.

मसुद्याच्या प्रती नोंदणीच्या टेबलावर आहेत. जेवणानंतरच्या सत्रात त्यावर चर्चा आणि मतदान होईल. ज्यांना कलमांत दुरुस्ती सुचवायची आहे त्यांनी ती लेखी, सहीनिशी, दोन वाजेपर्यंत कार्यवाहांकडे द्यावी.