चार किलोमीटरची सरळ रेघ

(मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात ब्रॅकनेल येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर, थोडी काटछाट करून.)



फराळाच्या आधी भाषण ठेवायची कल्पना कोणाची, हे मी कार्यकारिणीला दोनदा विचारलं. उत्तर मिळालं नाही. त्यामुळे चकलीचा वास सहन करत तुम्हाला माझं ऐकायचंय आणि मला तुमच्याकडे न बघता बोलायचंय. मी शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटापाण्याने आयटी कन्सल्टंट. गेली दोन वर्षं मोजणीच्या एका सॉफ्टवेअरवर काम करतोय, तेवढीच माझी या विषयातली पुण्याई. बाकीची पुण्याई आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते पुढे येतीलच.

आपल्या ब्रॅकनेलपासून गाडीने तासाभरावर हारवेल आहे. तिथे डायमंड लाइट सोर्स नावाचं एक प्रचंड यंत्र आहे. वरून बघितलं तर चंदेरी मेदूवडा. आतल्या कड्याचा परीघ सुमारे ५६२ मीटर. त्यातून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांनी प्रथिनांपासून जुन्या हस्तलिखितांपर्यंत काय काय तपासतात. इलेक्ट्रॉनला वाटेवर ठेवायचं काम शेकडो चुंबकांचं. हे चुंबक एकमेकांच्या मानाने साधारण दशांश मिलिमीटरच्या आत बसावे लागतात, काही ठिकाणी त्याहूनही काटेकोर. आम्ही तिथे खुल्या दिवशी गेलो होतो, तेव्हा माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, हे त्यांनी पट्टीने मोजलं का?" मी "हो, मोठ्या पट्टीने" म्हणून वेळ मारून नेली. घरी येताना ते उत्तर मला टोचत राहिलं.

पट्टीने का नाही? पोलादाची पट्टी एक अंश तापली की मीटरमागे सुमारे ११-१२ मायक्रॉन वाढते. शंभर मीटरला झाला एक मिलिमीटर, म्हणजे आपली सगळी मुभा दहादा खर्च. हे दुखणं जुनं आहे. आपण सगळे ज्या हीथ्रोला उतरतो, तिथूनच १७८४ साली विल्यम रॉय यांनी हॅम्प्टनपर्यंत पाच मैलांहून थोडी लांब पायारेषा मोजली. लाकडी दांडे हवेतल्या ओलाव्याने लांबी बदलू लागले, म्हणून त्यांनी काचेच्या नळ्या वापरल्या. या रेषेची दोन टोकं पुढे जमिनीत उभ्या पुरलेल्या तोफांनी पक्की केली. हीथ्रोकडची तोफ विमानतळाच्या उत्तर कडेला आहे. पुढच्या वेळी सासूबाईंचं विमान उशिरा असेल तेव्हा बघून या. हीच त्रिकोणांची विद्या घेऊन विल्यम लॅम्बटन १८०२ मध्ये मद्रासहून निघाले आणि १८२३ मध्ये वारले ते आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला.

आता मुद्दा. हे लोक चुंबक मोजत नाहीत, आधी ठिपके मोजतात. दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण काय करतो? ठिपके चुकले तर वरच्या रेघा कितीही सुबक काढा, मोर वाकडाच येणार. माझी आजी भोकं पाडलेला कागद वापरायची. कागद पुढे सरकवताना आधीच्या ठिपक्यांच्या दोन रांगा कागदाखाली घ्यायची, त्या भोकांत नेमक्या बसल्या की मगच पुढची रांगोळी सोडायची. डायमंडसारख्या ठिकाणी जमिनीत आणि भिंतींत असे ठिपके कायमचे बसवलेले असतात. लेझर ट्रॅकर हा त्यांचा कागद. तो एका जागी ठेवायचा, छोट्या गोल आरशावर लेझर सोडायचा, अंतर आणि दोन कोन मिळतात. मग ट्रॅकर पुढे न्यायचा, पण आधीचे बरेच ठिपके पुन्हा बघायचे. असं करत सगळ्या इमारतीत एक जाळं तयार होतं. चुंबक त्या जाळ्यावर बेतून बसतात.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की हे जाळं किती चुकेल हे एकही माप घेण्याआधी काढता येतं. सॉफ्टवेअरच्या कामाला लागलो तेव्हा माझा यावर विश्वास बसेना. पण ते खरं आहे. ठिपके अंदाजे कुठे आहेत, कोण कोणाला बघतो आणि उपकरण किती काटेकोर आहे, एवढं सांगितलं की लीस्ट स्क्वेअर्सचं गणित प्रत्येक ठिपक्याची अनिश्चितता सांगून मोकळं होतं. प्रत्यक्ष मापांचे आकडे त्यात लागतच नाहीत. दोन रेघा काटकोनात छेदल्या तर ठिपका नेमका मिळतो, जवळजवळ समांतर असल्या तर छेद लांबट आणि गुळमुळीत. म्हणून नियोजन कागदावर करायचं. आणि लवकर करायचं, कारण किरणोत्सर्ग अडवणाऱ्या जाडजूड काँक्रीटच्या भिंती एकदा ओतल्या की "अरे, इथून तिथलं दिसायला हवं होतं" म्हणून उपयोग नाही. नजरेच्या रेषांसाठी भोकं आधीच ठेवावी लागतात. (आमच्या धंद्यात भिंत ओतल्यावरच गिऱ्हाईकाला भोक आठवतं.)

आता आप्पा. ते मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मोजणीदार होते. तेहतीस फुटांची शंकूसाखळी, तिचे सोळा आणे, हे मी शाळेच्या पाढ्यांआधी शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी दोन भावांची वाटणी मोजली. हद्दीचा एक दगड धरला, साखळी ताणली, टिपण केलं. माप बोटाचंही चुकलं नव्हतं. धाकट्या भावाने कर्ज काढून आपल्या वाट्यात विहीर खणली. दोन वर्षांनी शेजारचा नंबर मोजायला आप्पा पलीकडच्या बाजूने आले आणि बेरीज जुळेना. तो दगडच नांगरताना सरकलेला होता. विहीर थोरल्याच्या वाट्यात गेली.

आप्पांनी स्वतः जाऊन दोघांना सांगितलं. थोरला म्हणाला, पाणी माझं. धाकटा म्हणाला, कर्ज माझं? त्या घरात पुढे किती वर्षं एकत्र पंगत बसली नाही, हे आप्पांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढं मात्र खरं, की नंतर ते प्रत्येक कामाला तीन दगड शोधल्याशिवाय साखळी उघडत नसत. शेतकरी कंटाळत, चहा दोनदा होई, आप्पा तिसरा दगड शोधत.

मी त्यांची ती मोजणी माझ्या प्रोग्रॅममध्ये घालून बघितली. एका ठिपक्यापासून पुढे साखळीसारखं मोजत गेलात आणि मूळ ठिपका सरकलेला असला, तरी प्रोग्रॅम काहीही तक्रार करत नाही. तक्रार करायला त्याच्याकडे दुसरं माप नसतंच. तोच ठिपका तीन-चार बाजूंनी बांधला की आकडे लगेच भांडू लागतात, आणि कोण खोटं बोलतंय तेही कळतं.

हे सगळं मी उकरून काढायचं कारण हिंगोली. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर, आत निर्वात नळी. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांत ही नळी सुमारे सव्वा मीटर व्यासाची आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचं देऊळ फिरलं अशी कथा आहे. नळीच्या बाबतीत तशी अपेक्षा ठेवता येणार नाही.

मी घरी बसून हौसेने गणित केलं. एका टोकापासून शंभर-शंभर मीटरवर टोटल स्टेशन मांडत गेलो आणि प्रत्येक कोनात एका सेकंदाची, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाची चूक धरली, तर दुसऱ्या टोकाला बाजूची चूक सुमारे सात सेंटिमीटर येते. प्रत्येक मुक्काम मागच्याची चूक वारशाने घेतो. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत जीपीएस वापरून नळ्या सरळ रेषेपासून सुमारे पाच मिलिमीटरच्या आत ठेवल्या गेल्या. जीपीएसचा फायदा हा, की हजाराव्या मीटरच्या ठिपक्याला नऊशेव्याची चूक चिकटत नाही. मग हारवेलला जीपीएस का नाही? एक तर डोक्यावर छप्पर, आणि तिथे मिलिमीटरसुद्धा फार झाला.

उंचीचं आणखी गमतीचं. आपला गवंडी पाण्याच्या नळीने पातळी धरतो. तशी चार किलोमीटर धरली, तर पाणी पृथ्वीच्या गोलाईने जाईल आणि मधोमध नळी सरळ रेघेपेक्षा ३१ सेंटिमीटर वर येईल. प्रकाश काही वाकून जाणार नाही. दोन टोकांचे ओळंबेसुद्धा समांतर नसतात, त्यांच्यात दोन मिनिटांहून थोडा जास्त कोन पडतो. एवढ्या लांबीवर "वर" कुठे, हेही टोकाटोकाला वेगळं.

गेल्या महिन्यात मी माझं कागदी जाळं व्हिडिओ कॉलवर आप्पांना दाखवलं. वय ऐंशीच्या घरात, चष्मा कपाळावर. लीस्ट स्क्वेअर्स वगैरे त्यांनी ऐकून सोडून दिलं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "अरे, ह्या शेवटच्या दगडाला तू एकाच बाजूने पाहतोयस."

खरंच होतं. मधले सगळे ठिपके चहूबाजूंनी बांधलेले, आणि टोकाच्या पलीकडे काही नाही म्हणून तो एकटा लटकत होता. माझ्या आकड्यांतही सगळ्यात मोठी अनिश्चितता त्याच्याच नावावर होती. मी ती वाचली होती आणि "टोक आहे, असायचंच" म्हणून पुढे गेलो होतो. त्या रात्री भुजेच्या टोकापलीकडे, दोन बाजूंना शेतात दोन जादा ठिपके टाकले आणि गणित पुन्हा चालवलं. आकडा खाली आला.

सकाळी आप्पांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. आता त्या दोन दगडांना कुंपण घाल, नाहीतर कोणी नांगर फिरवेल."