साबणाचा कारखाना आणि आपली बातमी

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘भांडवलदारांची वृत्तपत्रं आणि पत्रकाराचं कर्तव्य’. मी पंडित नाही. एका साखळी दैनिकात नऊ वर्षं तालुका बातमीदार म्हणून राबलो. तिथं जे पाह्यलं, त्याच्या जोरावर बोलतो.

१९४३ साली पुण्यात रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला बाबासाहेबांचं भाषण झालं. त्यात त्यांनी या देशातल्या पत्रकारितेला साबणाच्या कारखान्याच्या रांगेत बसवलं. पत्रकारितेचा धंदा झालाय आणि साबणवाल्याइतकीच तिची नैतिक जबाबदारी उरलीय, असा त्यांचा आरोप होता. त्याला ऐंशी वर्षं उलटून गेली. आज सिमेंट, वीज, बंदर, मोबाईल आणि बातमी एकाच शेटच्या गोदामात जमा होतेय. २०१४ साली नेटवर्क१८ रिलायन्सच्या ताब्यात गेलं. २०२२ च्या डिसेंबरअखेर एनडीटीव्हीचे जवळपास ६५ टक्के शेअर अदानी समूहाकडे गेले. मराठीत तरी काय वेगळं आहे? ‘लोकमत’ दर्डांच्या घरात, ‘सकाळ’ १९८५ पासून पवारांच्या घरात. दोन्ही घराण्यांत मंत्री आणि खासदार झालेत. मालक वेगळा आणि पुढारी वेगळा असं समजू नका. पुष्कळदा घर एकच असतं.

तुम्हाला वाटेल, मालक रोज सकाळी फोन करून सांगत असेल, ‘खोटं लिहा.’ नाही दोस्तहो. त्याला त्याची गरजच पडत नाही. यंत्रच असं बसवलंय की खोटं आपोआप तयार होतं.

तालुका बातमीदाराला पगार नसतो. मानधन मिळतं ते चहापाण्यात जातं. खरं पोट चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. साखर कारखान्याच्या चेअरमनचा वाढदिवस आला की चार पानी पुरवणी. बातमीदारानं गावोगाव फिरून शुभेच्छुक गोळा करायचे. आता मला सांगा, त्याच चेअरमनच्या भावकीनं बौद्धवाड्याची वाट अडवली, तर हा गडी काय लिहील? हात कोणी धरत नाही, पण हात चालत नाही.

आणि एखाद्यानं लिहिलंच, तर पुढं टेबल आहे. मी लिहून पाठवायचो : ‘बौद्ध वस्तीवर हल्ला, सात जखमी’. सकाळी छापून यायचं : ‘दोन गटांत हाणामारी’. आकडा खरा, गावाचं नाव खरं, तारीख खरी. खोटा शब्द एकही नाही आणि बातमी मात्र सगळी खोटी! एका गटाच्या हातात काठ्या, दुसऱ्या गटाची फुटलेली डोकी. पण छापताना दोन्ही सारखेच ‘गट’. टेबलावरच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणायचा, ‘जात लिहिली की तेढ वाढते.’ म्हंजे जातीवरून मारलं तर तेढ नाही, जातीवरून मारलं असं लिहिलं की तेढ!

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावानं ठार मारलं. आई, मुलगी आणि दोन मुलगे. मोठ्या पेपरांनी सुरुवातीला काय छापलं? अनैतिक संबंधातून गावकऱ्यांचा राग. मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर चिखल, आणि जातीचा उल्लेख गाळलेला. खरं काय ते शोधायला आपली माणसं गेली, सत्यशोधन समित्या गेल्या. नोव्हेंबरात विदर्भात लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठं मोठ्या पेपरांना आणि चॅनेलांना खैरलांजी नकाशावर सापडली. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि ३० तारखेला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले. ती बातमी मात्र त्याच दिवशी देशभर! चार मुडद्यांना महिना लागला, आगगाडीच्या डब्यांना एक तासही लागला नाही. मालकीचा समाज कशाला मौल्यवान समजतो, ते यावरून मोजा.

पुढं २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० साली हायकोर्टानंही लावला नाही. पेपर वाचून निकाल लागले असं मी म्हणत नाही. पण पहिल्या दिवशी ज्या बातमीतून जात पुसली जाते, तिथंच पंचनामाही ढिला पडतो आणि साक्षीदारही एकटा पडतो. म्हणून पहिल्या दिवसाचा शब्द महत्त्वाचा.

हा शब्द कोण ठरवतं? २००६ साली दिल्लीतल्या हिंदी-इंग्रजी माध्यमांतल्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी झाली. त्यात एकही दलित नव्हता, एकही आदिवासी नव्हता. २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलॉन्ड्रीनं १२१ वरच्या जागा मोजल्या. १०६ जागांवर सवर्ण, अनुसूचित जाती-जमातींचा पुन्हा एकही नाही. भांडवल शेटजीचं आणि लेखणी भटजीची, हे महात्मा फुल्यांच्या काळचं लग्न अजून मोडलेलं नाही.

१९२० साली ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा त्याची जाहिरात ‘केसरी’नं पैसे घेऊनसुद्धा छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते. हे विसरू नका. बाजाराचा नियम असा की पैसा मोजला की माल मिळतो. आपल्यासाठी तोही नियम लागू नव्हता. शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत केली म्हणून पत्र उभं राहिलं, आणि १९२३ पर्यंत बंदही पडलं. बाबासाहेब रडत बसले नाहीत. १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९३० ला ‘जनता’, १९५६ ला ‘प्रबुद्ध भारत’.

मग आज पत्रकाराचं कर्तव्य काय? मी निःपक्षपातीपणाचं पुराण सांगणार नाही. साध्या गोष्टी सांगतो. पोलीस ठाण्याआधी वस्तीत जा. सरपंचाच्या ओट्यावर चहा पिऊन बातमी लिहू नका. मारणाऱ्याची जात आणि मार खाणाऱ्याची जात, दोन्ही लिहा. कलमं कोणती लावली आणि कोणती लावली नाहीत, ते लिहा. टेबलानं शब्द बदलला तर मूळ प्रत जपून ठेवा, तारखेसकट. उद्या चौकशी आयोग बसला तर तोच कागद बोलेल.

आणि एक आपल्या घरातलं. आपल्या अनियतकालिकांच्या मागच्या पानावर पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात दिसायला लागलीय. मधल्या पानांतून त्याच्याविरुद्धचा मजकूर कधी गळतो, ते तुम्हाला कळणारही नाही. काही पोरं म्हणतात, आता यूट्यूब आहे, मालकाची गरज काय? अरे बाबांनो, यूट्यूबलाही मालक आहे. त्याची कंपनी अमेरिकेत आहे, आणि एका बटणात तुमचं दुकान ती बंद करते. वापरा, जरूर वापरा. पण छापील अंक, वर्गणीदारांची वही आणि वस्तीतली माणसं सोडू नका. दहा-दहा रुपये देणारे हजार लोक असले की एका शेटपुढं वाकावं लागत नाही. आणि चुकलात तर हेच हजार लोक तुमची कॉलर धरतील. तसा मालक मला चालेल.

तेव्हा उद्या सकाळी पेपर उघडा आणि ‘दोन गट’ शोधा. जिथं सापडतील, त्या गावी जा. तिथून जे आणाल, ते पुढच्या अंकात छापू.

जयभीम.