वापरलेले पाणी आणि जंतूंचा हिशेब

(डिलाईल रोड येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



ज्या रस्त्यावर आपण जमलो आहोत, त्याला कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे नाव देऊन बराच काळ लोटला. तरी लोकांच्या तोंडी तो डिलाईल रोडच राहिला आहे. येथील गिरण्यांचे भोंगे थांबले आणि त्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या. अशा मोठ्या संकुलांत सांडपाणी शुद्ध करून शौचकुपांना व बागेला पुरविले जाते. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र ‘हे पाणी शुद्ध की अशुद्ध?’ हा आपला नेहमीचा प्रश्न येथे अपुरा पडतो. ते कोणाच्या पोटात, किती प्रमाणात आणि किती वेळा जाते, हे विचारावयास हवे.

पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये. स्नानाच्या पाण्यासाठी मात्र विष्ठाजन्य कोलिफॉर्मची संख्या तेवढ्याच नमुन्यात ५०० पर्यंत इष्ट व २,५०० पर्यंत कमाल मानलेली आहे. कारण उघड आहे. पोहणाऱ्याच्या पोटात जातात ते चार-दोन घोट. पण घोट थोडा असला तरी तो वारंवार घेतला जातो, हे विसरू नये. एका वेळी आजारी पडण्याचा संभव हजारात एक धरला, तर शंभर वेळा तो प्रसंग आल्यावर संभव शंभरात साडेनऊच्या आसपास जातो. म्हणून पाहुण्यापेक्षा माळ्याची काळजी अधिक घ्यावयाची.

कोलिफॉर्म हा केवळ सूचक आहे, हेही ध्यानात ठेवावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. हा जंतू उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात उतरतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. पाणी पिण्याची गरजच नाही. कोलिफॉर्मची चाचणी त्याची वार्ता देत नाही. म्हणूनच मुंबई महानगरपालिका पावसाळ्यात लोकांची विभागणी करते: साचलेल्या पाण्यातून एकदाच गेलेले, पायाला जखम असलेले आणि कामानिमित्त वारंवार उतरणारे. प्रत्येकासाठी प्रतिबंधक औषधाचे प्रमाण निराळे असून ते वैद्यकीय सल्ल्याने ७२ तासांच्या आत सुरू करावयाचे असते. धोक्याचे मूल्यमापन म्हणतात ते हेच.

गावाकडील मंडळींना टीसीएल पावडर आणि ओ.टी. चाचणीचा पिवळा रंग परिचित आहे. तो रंग क्लोरीन शिल्लक असल्याची खूण होय. पण क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाहीत. सांडपाण्यावर कोथिंबीर, मेथी पिकविणाऱ्या गावांनी हे विशेष लक्षात घ्यावे. पाणी तेच असले तरी शिजवून खाण्याचा भोपळा आणि कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर यांचा धोका एक नव्हे. शक्य तेथे पाणी पानांवर न शिंपडता सरीतून मुळांशी सोडावे आणि तोडणीपूर्वी काही दिवस ते बंद ठेवावे; उन्हात बरेच जंतू मरतात.

इमारतींत खरी भीती वाटते ती नळजोडणीची. दुरुस्तीच्या वेळी पुनर्वापराची नळी पिण्याच्या नळीला जोडली गेली, तर शुद्धीकरण यंत्राचे सारे कागद व्यर्थ ठरतात. दोन्ही नळ्यांचे रंग वेगळे असावेत, बागेच्या नळाची चावी माळ्याकडेच राहावी. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने नकाशावर सही करण्याआधी एकदा तळघरात उतरून त्या नळ्या स्वतः पाहाव्यात.