एका बेटाचे खरेदीखत



न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंड हे लांबलचक बेट आहे. त्याचे पूर्वेचे टोक दुभंगले आहे. त्या दोन फाट्यांच्या मधल्या पाण्यात सुमारे 3,300 एकरांचे गार्डिनर्स आयलंड आहे. 1639 पासून आजवर ते एकाच घराण्याच्या वारशात आहे. तिथे बोलावणे नसेल तर पाऊल टाकता येत नाही.

लायन गार्डिनर हा इंग्रज लष्करी अभियंता. कनेक्टिकटमध्ये सेब्रुकचा किल्ला त्याने बांधला आणि पिक्वॉट जमातीशी झालेल्या युद्धात तो राखला. मॉन्टॉकेट जमातीचा प्रमुख वायनडँच याच्याशी त्याचे सख्य जमले आणि त्यातूनच हे बेट त्याच्या हाती आले. खतात किंमत लिहिली आहे ती व्यापारी कापडाच्या दहा डगल्यांची. घराण्यातली आख्यायिका जास्त रंगतदार: एक मोठा काळा कुत्रा, बंदूक, दारूगोळा, थोडी रम आणि डच घोंगड्या! मला खत खरे वाटते. पण घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने त्या व्यवहाराचा अर्थ एकच लावला होता का, याची मात्र मला शंका आहे.

मॉन्टॉकेट लोक या बेटाला मॅनचोनेक म्हणत. पुष्कळ माणसे मेली ती जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. अशा नावाच्या बेटावर संसार कोण थाटणार? गार्डिनरने इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या बेटाचे नाव उचलले आणि याला ‘आयल ऑफ वाइट’ केले. तेही टिकले नाही. सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याच्याच नावाने लोक जमीन ओळखू लागतात. इथेही तेच झाले. 1686 मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर डाँगनने सनद देऊन बेटाला जहागिरीचा दर्जा दिला, तोवर ते ‘गार्डिनरचे बेट’ झालेले होते.

आता या बेटाच्याच एका गोष्टीसाठी आपल्या किनाऱ्याकडे येऊ. चाचा म्हणून गाजलेला कॅप्टन विल्यम किड 1697 मध्ये कारवारला येऊन गेला. गोव्याहून निघालेल्या दोन पोर्तुगीज लढाऊ जहाजांशी त्याची चकमकही झाली. 30 जानेवारी 1698 रोजी त्याने ‘क्वेडा मर्चंट’ हे सुरतेला निघालेले जहाज पकडले. मलमल, रेशीम, साखर, अफू असा माल त्यात भरलेला होता. औरंगजेबाच्या दरबारात संताप उसळला आणि तो सुरतेच्या इंग्रज वखारीला निस्तरावा लागला. पुढच्या वर्षी जून महिन्यात हाच किड गार्डिनर्स आयलंडवर उतरला आणि तिसरा जहागीरदार जॉन गार्डिनर याच्या माहितीतच त्याने ऐवज पुरला. सोन्याची भुकटी, चांदीच्या लगडी, माणके. घरधनिणीने त्याला डुकराचे पिलू भाजून वाढले आणि त्याने तिला जरीचे कापड दिले, असे म्हणतात. किड बॉस्टनमध्ये पकडला गेला, तेव्हा तिथल्या गव्हर्नरच्या हुकमावरून गार्डिनरने तो ऐवज नेऊन जमा केला. 23 मे 1701 रोजी लंडनमध्ये किडला फाशी झाली. खजिना शोधायला लोक नंतरही येत राहिले. जो सरकारजमा झाला, तो त्यांना मिळणार कुठून?

बेटाच्या मूळ धन्यांचे काय झाले, ते सांगून थांबतो. समोरच्या मॉन्टॉक इथल्या आपल्या जमिनीसाठी मॉन्टॉकेट लोक न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले होते. 1910 मध्ये न्यायाधीशाने निकाल दिला की ही जमात आता अस्तित्वातच नाही. तो ऐकायला त्या जमातीची माणसे न्यायालयात हजर होती.